रुमेनाचा लांबलेला सूर

वेलिच्को गाइडा बनवतो आणि वाजवतो. बकरीच्या कातड्याची पिशवी काखेत, तोंडात फुंकणी, पुढे बोटांचा पावा, आणि खांद्यावरून मागे गेलेला लांब पावा एकच सूर धरून बसलेला. डोंगरावरून धुकं उतरलं की तो अंगणातल्या अक्रोडाखाली वाजवायला बसायचा आणि खालच्या आळीतल्या बायकांचे हात कणकेतच थांबायचे. माणूस तसा भला, पण कौतुकाचा भारी भुकेला. त्यात आठ वर्षांची मुलगी, रुमेना, बापापेक्षा वरचढ निघाली. मग काय विचारता!

तिच्यासाठी त्याने छोटी गाइडा बनवली होती. संथ गाणं वाजवता वाजवता तिची बोटं मध्येच थबकायची. एकच सूर हवेत तसाच राहायचा, पिशवीतली हवा सरत आली की हळूहळू खाली झुकायचा, आणि आता विझणार असं वाटेपर्यंत पोर पुन्हा फुंकून गाणं पुढे न्यायची. तेवढा वेळ तिचे डोळे कुठेतरी लांब लागलेले असायचे, पापण्या किंचित थरथरायच्या. लांबलेल्या सुराचं आम्हाला आधीच वेड. जत्रेत माणसं टोप्या काढून उभी राहायची आणि वेलिच्को सगळ्यांदेखत रडायचा. हे शिकवून येत नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा, कोणी विचारो न विचारो.

त्याच्या बायकोला, झ्लातिनाला, मात्र तेच थबकणं जेवणाच्या टेबलावर दिसत होतं. चमचा दह्याच्या वाटीवर अधांतरी राहायचा. हाक मारली तर ओ नाही, खांदा हलवला तरी नाही. मग काही झालंच नाही अशी पोर खायला लागायची. शाळेतल्या बाईंची तक्रार होती की हिचं लक्ष नसतं, लिहिताना अर्धी वाक्यं गळतात. शेजारणीने शिसं वितळवून पाण्यात ओतलं, पोरीची भीती उतरवली. फरक शून्य. डॉक्टरला दाखवू या म्हटलं की वेलिच्को उसळायचा. कलावंताचं पोर आहे, तंद्रीत असणारच. फिट आलेला माणूस धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, ही कधी पडली का? झ्लातिनाने पोरीचं ते थबकणं फोनच्या कॅमेऱ्यात टिपून ठेवलं.

शरद ऋतू आला. बापलेक अक्रोड सोलत बसले होते, दोघांची बोटं काळीकुट्ट. ऊन मऊ पडलं होतं. शेजारची बकरी पाद्रीबाबांच्या मागे कशी लागली ते रुमेना हसत हसत सांगत होती आणि बोलता बोलता थांबली. पुढची गंमत ऐकायला वेलिच्को हसऱ्या तोंडाने थांबून राहिला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तोच चेहरा. जत्रेतला. पण आता हातात गाइडा नव्हती, सूर नव्हता, काहीच नव्हतं. त्याने तिच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणीसुद्धा लवली नाही.

थोड्या वेळाने तिने दुसरा अक्रोड उचलला.

"मग? बकरीचं काय झालं?" त्याने विचारलं.

"कुठली बकरी?" रुमेना म्हणाली.

त्याच आठवड्यात तिघं प्लोवदिव शहरात लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर कालोयानोवाबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी फोनवरचं चित्रण पाहिलं, पोरीच्या डोक्याला तारा लावल्या आणि हातात कागदाचं भिरभिरं देऊन जोरजोरात फुंकत राहायला सांगितलं. भिरभिरं गरगरलं, मंदावलं, थांबलं. रुमेना त्याच्याकडे बघत राहिली, न बघता. यंत्रावरच्या रेघा उंच उंच उठल्या.

ही फिटच, बाई म्हणाल्या. मुलांमध्ये बरीच आढळते. मूल पडत नाही म्हणून घरच्यांना वाटतं, तंद्री लागली. भराभरा श्वास घेतला की चटकन येते. औषध रोज द्यायचं, मात्रा हळूहळू वाढवायची, सुरुवातीला पोट दुखेल. बऱ्याच मुलांची मोठेपणी जाते. तोवर नदीत एकटीला सोडायचं नाही.

वेलिच्को टोपी चुरगाळत होता. शेवटी बोललाच. गाण्यात ती थांबते तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. औषध जरा बेतानं दिलं तर? सगळंच नको जायला. झ्लातिनाने नवऱ्याकडे असं पाहिलं की तसं माझ्याकडे कोणी पाहिलं असतं तर मी खिडकीतून उडी टाकली असती. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी रुमेनालाच विचारलं, वाजवताना तसं होतं तेव्हा तुला काय वाटतं?

"काहीच नाही," रुमेना म्हणाली. "एकदम सगळे माझ्याकडे बघत असतात. मग मी बाबाकडे बघते. बाबा रडत असतो. म्हणजे मी खूप चुकलेली असते."

वेलिच्कोने हात पुढे करून औषधाचा कागद घेतला.

हिवाळाभर बाटली आणि चमचा त्याने स्वतःच्या ताब्यात ठेवला. वसंतापर्यंत ते थबकणं थांबलं. शाळेतल्या बाई खूश झाल्या. जत्रेत रुमेनाने गाणं अथपासून इतिपर्यंत वाजवलं, स्वच्छ आणि सरळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण टोप्या डोक्यावरच राहिल्या. पूर्वीची गोडी गेली, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं आणि ते पोरीच्या कानावर पडलं.

घरी येताना उतारावर तिने बापाला थांबवलं. आधी मी कशी वाजवायचे, दाखव, म्हणाली. वेलिच्कोने गाइडा काखेत घेतली. दरीत धुकं भरून आलं होतं, पाइनची झाडं कमरेपर्यंत बुडाली होती. त्याने तेच गाणं धरलं आणि त्या जागी आल्यावर बोटं थांबवली. सूर लांबला, झुकला, विझत चालला. त्याचे डोळे आपोआप भरून आले.

रुमेनाने मन लावून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती ते ऐकत होती.

"एवढंच?" ती म्हणाली. "पुढचं वाजव ना, बाबा."

त्याने मनगटाने डोळे पुसले, पिशवीत हवा भरली आणि पुढचं वाजवलं.