फडेवाल्या बाई

फडेवाल्या बाईंना काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?" आमच्या म्हशीला रेडकू झालं म्हणून सांगितलं, तरी तेच. शेवटी मी चिडून म्हटलं, "बाई, मी म्हशीच्या शेपटाशीच उभी होते." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

त्या एका कॉलेजात झाडपाला शिकवणाऱ्या बाई होत्या. फड्या निवडुंग मूळचा सातासमुद्रापलीकडच्या वाळवंटातला. तो आमच्या शहापूर-मुरबाडच्या पावसात रानात कुठे कुठे वाढतो, हे बघत त्या हिंडायच्या. तुकडा कापायचा, रद्दीत दाबून वाळवायचा, जाड कागदावर टाके घालून बसवायचा आणि खाली चिठ्ठी लावायची: कुठे मिळाला, कधी, आपोआप उगवला की कोणी लावला. ते कागद कॉलेजच्या कपाटात जायचे. चार वर्षं त्या माझ्याकडे उतरल्या आणि चार वर्षं त्यांनी माझं डोकं उठवलं.

फडा काही लवकर मरत नाही. रद्दीत घालून वर माझा पाटा ठेवलेला, तरी पंधरा दिवसांनी त्याला कोंब आला. मग बाईंनी तो माझ्या भाताच्या पातेल्यात उकळला. मला न विचारता. "मावशी, धुतलंय मी पातेलं." धुतलंय! त्याची बारीक कुसं आठवडाभर आमच्या जिभेला टोचत होती. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला नवं पातेलं आणून दिलं. पुढच्या खेपेला त्यातही फडाच उकळला.

गावामागच्या कातळावर फड्याच्या जाळ्या आहेत. बाईंनी विचारलं, "कोणी लावल्या?" मी म्हटलं, "दगडावर कोन लावंल? आपोआप आल्या." त्यांनी चिठ्ठीवर 'रानटी' लिहिलं. आसपासच्या गावांतल्या बायांनीही तेच सांगितलं. बाई खूश. हा निवडुंग इथे आपला आपण रानात पसरतोय, असा मोठा लेखच त्यांनी लिहून काढला.

त्याच सुमारास मला नातू झाला. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली तसा मी रीतीप्रमाणे दारावर फडा टांगला. काट्याला भिऊन वाईट आत येत नाही. बाराव्या दिवशी तो काढला आणि निघाले. बाई पडवीत बसलेल्या.

"कुठे चाललात?"

"टाकायला. कातळावर."

"नेहमी तिथेच टाकता?"

"मग काय घरात ठेवतात?"

बाईंचा चेहरा उतरला. "अहो मावशी, मग त्या जाळ्या तुम्हीच लावल्यात की!"

"आमी लावल्या नाय. टाकल्या."

"पण त्या रुजल्या ना?"

"मग? रुजू नको म्हनून सांगायचं होतं का मी त्यांना?"

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. लेख तयार होता, कोणाला कळणार होतं? या बाईने तो फाडला. दुसऱ्या दिवशी माझे गुडघे दुखत असताना मला भर उन्हात कातळावर नेलं आणि प्रत्येक जाळीपाशी उभं करून विचारत सुटल्या, "हा कोणाच्या बाळंतपणातला?"

कडेच्या जुन्या जाळीपाशी मी म्हटलं, "माझ्या दुसऱ्याचा. नवव्या दिवशी गेला तो."

त्यांचं पेन थांबलं. "नाव काय होतं?"

"बारशाआधी गेला, तर नाव कुठलं?"

"मग काय लिहू?"

मी वैतागले. "मुलगा लिवा. दुसरं काय?"

बाई मागच्या वर्षी वारल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी परवा सांगायला आली. तिने मोबाइलवर त्या कडेच्या जाळीतल्या फड्याच्या कागदाचा फोटो दाखवला. 'रानटी'ची जुनी चिठ्ठी तशीच होती. तिच्याखाली बाईंच्या हातची नवी होती. मी चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढं मला वाचता आलं: 'बाळंतिणीच्या दारावरचा, टाकल्यावर रुजलेला.' मग माझं नाव. मग, 'यांचा दुसरा मुलगा.'

त्याचा जन्मदाखला आम्ही काढलाच नव्हता.

मुलगी म्हणाली, "आजी, फोटो पाठवू का तुमच्या घरच्या कोणाच्या मोबाइलवर?"

मी म्हटलं, "मोबाइलवर नको गो. कागदावर काढून आन."