प्लास्टर कधी?

मी सुधींद्र. कुंभकोणमात घरांचे नकाशे काढून पोट भरतो; भरतं, ते दिसतंच. चाळिशी ओलांडल्यावर पहिलं मोठं काम मिळालं: मुकुंदरावांच्या बियाणे कंपनीचं तीन मजली ऑफिस. म्हटलं, आता दाखवतोच गावाला! रस्त्याकडची अख्खी भिंत उघड्या विटांची. काही विटा आत, काही बाहेर, काही तिरक्या. उन्हात सावल्या अशा सरकतील की बघणारा सायकलवरून पडेल.

पडलं कुणीच नाही. जो तो विचारी, "प्लास्टर कधी?" दूधवाला, वायरमन, शेवटी माझी बायको मधुमितासुद्धा! मी मुकुंदरावांना सावल्यांवर तासभर व्याख्यान दिलं. ते म्हणाले, "सुधींद्रा, खरं रे बाबा. पण अर्धवट इमारतीत पूजा केली तर लोक हसतील मला. उद्या प्लास्टर." संध्याकाळी दारात सिमेंटची पोती येऊन पडली. माझा जीव टांगणीला लागला.

भिंतीवर अजून दृष्टीची बाहुली लटकत होती. आमच्याकडे बांधकाम सुरू झालं की नजर लागू नये म्हणून ही गवताची बाहुली टांगतात. काम पुरं झालं की उतरवतात. भिंत रचली होती नागलक्ष्मी गवंडिणीने. दुसरं काही सुचेना, म्हणून तिच्यापुढेच रडगाणं गायलो. तिने पदर खोचला, परांचीवर चढली, सगळ्या रस्त्यादेखत बाहुली उतरवली आणि ओरडली, "काम झालं!"

झालं की हो! दूधवाल्याने मान डोलावली. मुकुंदरावांनी पोती परत पाठवली. माझं व्याख्यान मूठभर गवतापुढे हरलं.

"माझ्यासाठी एवढं केलंस?" मी गहिवरून विचारलं.

"तुमच्यासाठी कुठे, सार? वीस वर्षं विटा रचते. सगळ्या प्लास्टरखाली गेल्या. ही एक भिंत तरी दिसू दे."

इतके दिवस मी भिंत माझी म्हणून मिरवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्घाटनाला पेपरवाल्याने फोटो काढला. नागलक्ष्मीने तो पेपरातून कापून घरी चिकटवलाय. परवा कौतुकाने दाखवला. फोटोभर मीच, हार घालून, पोट पुढे काढून. भिंत कुठे दिसेचना. तिने बोट ठेवलं.

"हे बघा सार, तुमच्या कानाजवळ. दोन विटा आल्यात."