स्वखुशीचा अर्ज

"लिहा, मी सांगते," म्हणत मुख्याध्यापिका बाईंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मी माझ्या मुलीला स्वखुशीने शाळेतून काढत आहे. कृपया दाखला द्यावा."

माझी पोर सहा वर्षांची, पहिलीत. माझ्या खुर्चीखाली कानांवर हात गच्च दाबून बसली होती. तिला ऑटिझम आहे. शाळेची घंटा तिला सहन होत नाही, ती किंचाळते. एवढाच तिचा गुन्हा.

आम्ही भाईंदरच्या खारी गावातले. मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला. शाळेचा फोन आला की हाफ डे टाकून धावत यायचं. पोरीला वर्गाबाहेर चपलांच्या रॅकशेजारी बसवलेलं असायचं. आणि मी काय करायचे? बाईंसमोर उभी राहून माफीनामा लिहायचे. 'पुन्हा असे होणार नाही.' असे तीन लिहिले. आठवलं की माझीच मला लाज वाटते. कान दुखतात म्हणून कोणी माफी मागतं का?

एकदाच विचारलं होतं, घंटेआधी तिला हेडफोन लावू द्याल का. बाई हसल्या. "एकीसाठी नियम बदलायचे?" गेटवर मात्र मोठा बोर्ड, प्रत्येक मुलासाठी आमचे दार उघडे.

"पालकांच्या ग्रुपवर तक्रारी येतायत," बाई म्हणाल्या. "'हमारे बच्चे बिगड़ जाएँगे.' तुम्हीच समजून घ्या. उद्या आमच्यावर काही यायला नको."

डोकं सटकलं माझं. म्हणजे हाकलणार या, आणि अक्षर माझं. सही माझी. खुशी पण माझीच.

'स्वखुशीने' पर्यंत लिहून झालं होतं. सगळं खोडलं. खाली लिहिलं, 'माझी मुलगी याच वर्गात शिकणार. तिला काढायचं असेल तर शाळेने कारण लेखी द्यावं.' सही केली आणि म्हटलं, "याची पोच द्या. शिक्का मारून."

"असा शिक्का मिळत नसतो."

"मग बसते मी."

शिपाई आला, चला बाहेर म्हणाला. मी हलले नाही. पोर खुर्चीखालून निघून माझ्या मांडीवर येऊन बसली. दीड तासाने शिक्का मिळाला.

त्याला तीन आठवडे झाले. पोर रोज वर्गात जाते, हेडफोन लावून. आता मी परवानगी विचारत नाही, घरूनच देऊन पाठवते. रोज कोणीतरी तोंड वाकडं करतं. करू देत. गेट लावलं तर गेटवर बसेन, शिक्षण खात्यात जाईन, कोर्टात जाईन. तिचं नाव काढायचंच असेल तर बाईंनी स्वतःच्या हाताने काढावं, स्वतःच्या सहीने. माझ्या हातून ते होणार नाही.