काकाला पाठवलेली भिंत

इंटरनेटवर काही सुंदर दिसलं की मला ते एकटीने बघवत नाही. लगेच काकाला पाठवायचं. काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. देवगडकडच्या आमच्या घरी राहतो, आणि चतुर्थीला गणपतीमागची भिंत दरवर्षी तोच रंगवतो. जुनं चित्र चुन्याखाली, नवं त्यावर. शेषशायी, रामाचा दरबार, समुद्रमंथन. शिकला कुठे, तर कुठेच नाही.

मी कुडाळला नोकरीला. पाठवायच्या गोष्टींना काही ताळतंत्र नसे. जपानातली गटाराची रंगीत झाकणं, कोबीच्या गड्ड्यासारखी किटली, काडेपेट्यांवरची जुनी चित्रं. काका फोन अगदी नाकाला लावून बघायचा आणि मग बोलून उत्तर पाठवायचा. झाकणं बघून म्हणाला, "गटाराच्या झाकणार एवढा बरा चित्र! आणि आमच्या देवळाची कमान बघ, शिरा पडली तिच्यार!" एकदा परदेशातलं एक गाव पाठवलं. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर, विहिरीवर, अगदी कुत्र्याच्या खोपटावरसुद्धा मोठाली फुलं रंगवतात. उत्तर आलं, "ह्या बायलांका घरात काय काम नाय दिसता!" ऑफिसात मी एकटीच हसत बसले.

यंदा श्रावणात तो म्हणाला, "माझो हात आता चलना नाय गो. भिंतीर फोटो लावा."

माझं डोकंच फिरलं. हात चालत नाही? परवाच तर नारळ सोलत होता! पण विचारलं की विषय बदलायचा. मुंबईच्या माझ्या दादाने लगेच इंटरनेटवरून छापील बॅनर मागवला. "काकाला तेवढाच आराम," म्हणे. आमचा दादा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मला मात्र भीती वाटत होती. भिंत सुटली की काका पडवीतल्या खुर्चीत बसेल, आणि एकदा बसला की पुन्हा ब्रशाला हात लावणार नाही.

मी घरी आलेच होते; चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी दादाही पोचला. बॅनर भिंतीवर उलगडला. झगझगीत सोनेरी महाल, आणि मधोमध हा एवढा थोरला गणपती!

"मेल्या," काका दादाला म्हणाला, "दोन दोन गणपती? खंयचो पुजूचो रे?"

आमच्या भिंतीवर सगळे देव चालतात, गणपती सोडून. तो स्वतःच पुढ्यात येऊन बसणार असतो ना! हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दादाने शोधलं 'गणपतीचं चित्र', आणि मिळालाही गणपतीच. आधी आई हसली, मग दादाही ओशाळून हसला. त्याने बॅनर गुंडाळला, आणि काका नुसता कोऱ्या भिंतीकडे बघत राहिला. संध्याकाळी मूर्ती घरी यायची होती.

"ती बायलांची भिंत दाखय," तो एकदम मला म्हणाला.

मी फोन दिला. बोटांनी ओढून एकेक फूल मोठं करत त्याने निरखलं. मग पावडरीचे रंग डिंकाच्या पाण्यात कालवले आणि ब्रश न घेता सरळ तळवाच बुडवला. एक थाप, एक पाकळी. परातीएवढी जास्वंद, तेरडा, हरणं नावाची पिवळी रानफुलं. पहिली थाप त्याची, बाकीचं फूल आम्ही भरायचं. माझं चुकलं की, "गो, ता फूल आसा काय फणस?" दादाला फक्त देठ दिले, तेवढेच त्याला झेपण्यासारखे. जेवणाचं कोणाला भान नव्हतं, आई ओरडून ओरडून थकली आणि शेवटी तीही पदर खोचून रंगवायला आली.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. सगळे प्रसादाकडे वळले, पण काका भिंतीकडेच बघत होता. मागे सरला, आणखी मागे, थेट उंबरठ्यापर्यंत. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"काय झाला काका?" मी जवळ गेले.

"फुलां दिसतत गो," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्सा हयसून माझो राम माकाच दिसाक नाय. हात बरो आसा. डोळे गेले. कोणाक सांगूक नाय मी."

मला रडूच फुटलं. इतके दिवस मी त्याच्यावर चिडत होते, आणि तो माणूस एकटाच हे गिळून बसला होता.

"रडतंस कित्याक?" काका म्हणाला. "फुडल्या वर्सा ह्येच्यापेक्षा मोठी काढूया."