रवळनाथाच्या साक्षीने तीन थर

गंगाराम मास्तरांचा एकच मंत्र: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, मग ते देवळातलं असो की पुस्तकातलं. कोल्हापुरातून बी.एस्सी. होऊन ते मसुऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये शाळा समिती त्यांना कायम करणार होती, आणि नोकरी कायम झाल्याशिवाय बांद्याचे होणारे सासरे यशोदेला द्यायला तयार नव्हते. अशा वेळी माणसाने गपगुमान बेडूक शिकवावा की नाही? पण छे!

मास्तरांनी फुटका रबरी चेंडू घेतला आणि अंगठ्याने एका बाजूने आत दाबला.

"गर्भ आधी असा पोकळ गोळा असतो. तो आत दबला की बाहेर एक थर, आत एक थर. जेलीफिशचं एवढ्यावरच भागतं. गांडूळ, कोळंबी म्हणजे तुमचं सुंगट, माणूस यांच्यात मध्ये तिसरा थर येतो. आपलं हाड-मांस, काळीज सगळं त्या मधल्या थरातलं."

"आणि हे भोक कसलं, सर?" विमलाने विचारलं. विमला म्हणजे समितीचे अध्यक्ष आबा यांची नात.

मास्तर रंगात आले होते. "सुंगटाचं तिथे तोंड होतं. आपलं मात्र तिथे मागचं दार. तोंड नंतर!"

रविवारी आबांच्या पानात सुंगटांची कढी पडली आणि विमला म्हणाली, "आबानू, ह्या सुंगटाचां आदी तोंड झालां. तुमचां आदी ढुंगण!"

आबांचा घास हातातच राहिला. "माका सुंगटापेक्षा खालचो म्हणता? खंय आसा तो मास्तर? दाखवूक सांगा त्याका!"

मास्तर दाखवणार काय, कपाळ? शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो गर्भ त्यांनीही पुस्तकातल्या चित्रातच पाहिला होता. शेवटी आबाच म्हणाले, "देवाक इचारूया. उजवो कौल इलो तर मास्तर कायम. डावो इलो तर कोल्हापूरची एसटी!"

सोमवारी सगळा गाव देवळात. गुरवाने रवळनाथाच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूंना कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, माणसाचां आदी तोंड की आदी मागचां दार, ह्याचो काय तो निवाडो कर! मास्तर खरो असात तर उजवी कळी दी!"

"होय महाराजा!" गाव ओरडला.

मास्तरांनी हात पाठीमागेच ठेवले. आबांनी वळून रोखून पाहिलं. मास्तरांना यशोदा आठवली आणि हात आपसूक जुळले.

"होय महाराजा," ते पुटपुटले.

"मोठ्यान!"

"होय महाराजा!"

उजवी कळी टपकन पडली. आबा मोठ्या मनाचे. देवाने सांगितल्यावर त्यांनी आपलं मागचं दार विनातक्रार मान्य केलं. मास्तर कायम झाले, यशोदा घरात आली, आणि भ्रूणशास्त्रावर एवढी श्रद्धा असलेला गाव पंचक्रोशीत दुसरा उरला नाही. मास्तर दरवर्षी चेंडू दाबत, पोरं माना डोलवत. शंका म्हणून कुणी काढायचं नाही.

पासष्ट साली मथुरा नावाची एक पोर उभी राहिली. "सर, तुम्ही स्वतः पाहिलंय हे?"

इतक्या वर्षांत मास्तरांचा मंत्र मनावर घेणारी ती पहिलीच. मास्तरांचे कान लाल झाले. वर्गात कधी मालवणी न बोलणारे मास्तर तिच्यावर खेकसले, "देवान कौल दिल्यान ना? मगे बस गो खाली!"