साडूंचा दर्या

माझ्या घरमालकांचे थोरले साडू ज्या वाटेने एकदा गेले, ती वाट पुन्हा कुणाला सापडली नाही. त्यांना तर नाहीच. तरी आपण वाट चुकलो असं त्यांनी हयातीत कधी मान्य केलं नाही. डोंगर सरकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आज जिथे अमिराती आहेत तिथे साठ सालानंतरच्या त्या दिवसांत एक खाडी, पुष्कळ वाळू आणि पोटासाठी आलेली आमच्यासारखी माणसं होती. दुबईच्या देरा भागात रत्नागिरीकडच्या एका मुसलमान कुटुंबात मी खोली घेऊन राहत होतो आणि साडू शेजारच्या घरात. तरुणपणी ते गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, आता एका व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळत. गलबत सुटलं होतं, तांडेलकी सुटली नव्हती. गोदामाच्या जुन्या जीपला ते ‘ती’ म्हणत, तिला थांबवताना ‘नांगर टाकला’ म्हणत, आणि निघण्यापूर्वी बोट ओलं करून वारा बघत. वारा कुठूनही असला तरी जीप तशीच धूर सोडत निघे, हा भाग निराळा. जीपमध्ये शीळ घालायला सक्त मनाई होती. मी एकदा नकळत घातली, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली आणि वादळ येतं का ते डोळे बारीक करून पाहिलं. वादळ आलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

त्यांच्याकडे एक टोपी होती. कुठल्याशा बोटीच्या अधिकाऱ्याची, पुढे झापड आणि सोनेरी बिल्ला असलेली. गावात ती पिशवीत असे. शेवटचं झोपडं मागे पडलं की डोक्यावर चढे. ज्या प्रदेशात बघायला कुणी नाही त्याच प्रदेशात रुबाब करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बाकीचे मोठे लोक याच्या नेमकं उलट करतात. त्यामुळे रुबाबाची मला एरवी येणारी चीड त्यांच्या टोपीपाशी येऊन थबकायची. वाटेतल्या शेळ्यांना ते टोपीला बोटं लावून सलाम करत आणि शेळ्याही तो मान खाली घालून घेत.

पण त्यांची खरी विद्या म्हणजे खुणा. आमच्याकडच्या दर्यात मासेमारीची जागा शोधायला नाखवे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात: मशिदीचा मिनार आणि मागचं वडाचं झाड जुळलं की जाळं टाकायचं. साडू हीच विद्या वाळवंटात चालवत. वाळवंटातल्या धैद गावाच्या पुढे खडकांचे सुळके सुरू झाले की ते त्यांना नावं देत सुटत. ‘हा मौलवी. ही त्याची बेगम, रुसलीय. आन् तो वाकलेला बघा, तो मास्तर, पोस्तक वाचतोय.’ मास्तर म्हणजे मी. मी कारकून होतो, पण वाचणारा प्रत्येक माणूस त्यांच्या मते मास्तर. ‘येताना मौलवी नि मास्तर जुळले की डावीकडे घ्यायचा. होकायंत्र कशाला पायजेल?’

अशातच त्यांची बीबी गावाहून आली. लग्नानंतरचा बहुतेक संसार दोघांनी पत्रांतून केलेला. मुली आपापल्या घरी गेल्यावर ती प्रथमच बोटीत बसली, आणि उतरल्यापासून परतीच्या बोटीची चौकशी करू लागली. गाढवावरून येणारं मचूळ पाणी, भातात वाळू, बोलायला धाकटी बहीण, म्हणजे माझी घरमालकीण, तेवढी. ‘येत्या बोटीनं मी जाते,’ ती शांतपणे म्हणाली. साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, ‘मास्तर, ती गेली तर आता परत यायची नाय. माझं पन वय झालं. तिला डोंगर दाखवू या. डोंगर बघला की मानूस रमतो.’ या सिद्धांताला आधार नव्हता. पण त्यांनी टोपी हातात धरली होती, म्हणून मी हो म्हटलं.

शुक्रवारी निघालो. पुढे साडू आणि त्यांची बीबी, जिला मी भाभी म्हणे, मागे पाण्याचे डबे, तांदूळ, कांदे आणि मी. डोंगर खरोखरच अप्रतिम होते. लाल कातळाच्या उभ्या भिंती, मध्ये सुकलेली नदी, गोट्यांवरून उड्या मारणारी जीप. रात्री त्या पात्रात मुक्काम केला. भाभींनी तीन दगडांवर भात शिजवला आणि एवढंच म्हणाल्या, ‘दगड चांगलं हायत.’ साडूंना आशा वाटली.

दुसऱ्या दिवशी परतताना मौलवी सापडेना. दर्यावरून बघताना किनारा लांब असतो, त्याचा चेहरा बदलत नाही. इथे खडक अंगाला खेटून, आणि आता आम्ही त्यांच्या पाठीमागून येत होतो. पुढून मौलवी दिसणारा सुळका मागून नुसता मोडका माठ होता. त्यात आकाश धुळीने भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. एका घळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. डबे हलके वाजू लागले.

‘मास्तर कुठं गेला?’ साडू पुटपुटले.

‘तो मागं बसलाय,’ भाभी म्हणाल्या. ‘त्यालाच इचारा.’

अंधार पडता पडता घळ रुंदावली, वाऱ्याला खारट वास आला आणि लाटांचा आवाज. साडूंनी ब्रेक दाबून टोपी सारखी केली. ‘बघ! सरळ घरच्या दर्यावर आनला. रास अल खैमा. उद्या किनाऱ्याकिनाऱ्यानं दुबई!’ आम्ही निर्धास्त झोपलो.

पहाटे भाभींच्या हाकेने जागा झालो. धूळ बसली होती. भाभी वाळूवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

‘अवो, इकडं या. आपल्याकडं सूर्य दर्यात बुडतो ना?’

‘मग? बुडतोच.’

‘मग हा भाईर कसा आला?’

पाण्यातून तांबडा गोळा वर येत होता. साडू बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, जणू तोच सरकला होता. आम्ही सबंध डोंगररांग ओलांडून उलट्या, म्हणजे पूर्वेकडच्या दर्यावर, खोर फक्कानला येऊन पोचलो होतो. ‘दर्या एकच असतो,’ ते शेवटी म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. परतीची बोट मंगळवारी होती आणि आपला डाव फसला हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. टोपी काढून ते वाळूत बसले.

भाभी हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड, मग डोळे पुसत. हसतच त्या जाळं ओढणाऱ्या कोळ्यांकडे गेल्या, कोकणी आणि हातवारे यांच्या जोरावर पदरात तारल्या घेऊन आल्या, आणि चूल मांडू लागल्या. साडूंना विचारायचा धीर होईना, म्हणून मीच विचारलं, ‘भाभी, मंगळवारच्या बोटीचं काय?’

‘कसली बोट?’ त्या मासे साफ करत म्हणाल्या. ‘ह्यांना एकलं ठेवून गेले तर हे गोदामातनं घरी पोचतील का? जाऊ दे ती बोट.’

साडू उठले. लांब जाऊन चुलीसाठी वाळक्या काटक्या गोळा करू लागले, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त घेऊन आले.

भाभी राहिल्या. पुढे दोघं मिळूनच गावी गेले, आणि तिथे थोड्या अंतराने दोघंही गेले. आता त्या डोंगरांतून गुळगुळीत रस्ता झालाय, जागोजागी पाट्या, चुकायची सोयच नाही. मध्यंतरी दुबईतला माझा भाचा मला गाडीतून खोर फक्कानला घेऊन गेला. गप्पा संपायच्या आत पोचलो. मी वाळूवर उतरलो, जरा वेळ उभा राहिलो. मग भाच्याला म्हटलं, ‘चल, परतताना दुसऱ्या वाटेने जाऊ.’ तो म्हणाला, ‘मामा, दुसरी वाट नाहीये.’