घाटी, बेल्ट आणि गाऱ्हाणं

सांगतो, पण एका अटीवर. मधेच कोणी ‘काय हे!’ म्हणायचं नाही. ते म्हणून झालंय सगळ्यांचं. अख्खी वाडी म्हणून झाली, पाहुणे म्हणून झाले, परवा तर पोस्टमनसुद्धा म्हणाला. मी आता थकलोय हो!

तर माझी स्कूटर. ती घेतली तेव्हाच आमच्या वाडीतला प्रकाश मेस्त्री मला बजावून गेला होता, “काका, वीस हजार किलोमीटर झालं की आतला बेल्ट बदलायचा. इंजिनाची ताकद चाकाला तोच पोचवतो. तुटायची वाट बघू नका.”

आता मी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस. वीस हजार म्हणजे वीस हजार! आधीच घाबरून बदलणारे ते दुसरे. मी रोज निघताना मीटर बघायचो. एकोणीस हजार आठशे. मग आहे की अजून! निश्चिंत मनानं निघायचो.

गेल्या वर्षी शिमगा झाला आणि स्कूटर कण्हायला लागली. आमचं घर वर सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या, कडेला. रत्नागिरीहून येताना शेवटी घाटी चढावी लागते, चांगली उभी. सपाटीला गाडी ठीक चालायची. सुरू करताना जरा थरथरायची, एवढंच. घाटीला लागली की मात्र आवाज मोठा आणि वेग मुंगीचा!

दुसरा कोणी असता तर सरळ मेस्त्रीकडे गेला असता. मी काय केलं? मान वळवून मागे बघितलं. मागे कोण? आमची मंडळी, सुनंदा.

“अगं, उतरतेस का जरा? गाडी ओढत नाही.”

“का?”

“वजन होतंय.”

बोललो! गेलं तोंडातून. ती उतरली आणि एक अक्षर बोलली नाही. तिथंच मला समजायला हवं होतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती गप्प झाली की मला घाम फुटतो. त्या दिवशी तो घाम कुठे तडमडला होता कोणास ठाऊक.

मग तेच सुरू झालं. घाटीच्या पायथ्याशी सुनंदा उतरायची, मी स्कूटरवरून रडतखडत वर जायचो, आणि ती बाजाराच्या पिशव्या घेऊन चालत यायची. पिशव्या कशाला तिच्याकडे? अहो, त्यांचंही वजन होतंच ना! हसू नका.

पुढं तिनं रात्रीचा भात सोडला. कोकणात राहून भात सोडला! मग आंब्याचे दिवस आले, तर आंब्याच्या फोडीला हात लावीना. ब्लाऊज सैल झाले, बांगड्या मनगटातून निसटायला लागल्या. स्कूटर मात्र ढिम्म.

“अजून थोडं कमी व्हायला हवं बहुतेक,” मी म्हणालो.

हो, हेसुद्धा मीच म्हणालो. काय करता!

यंदाचा शिमगा आला. आमचं हे घर नवीन, गेल्या शिमग्यानंतरच राहायला आलो, आणि त्या घरी ग्रामदेवीची पालखी पहिल्यांदाच येणार होती. सुनंदा आठ दिवस राबत होती. दारापुढचं खळं सारवलं, दाराला तोरण केलं, नारळ-तांदूळ काढून ठेवले. देवीच्या ओटीची साडी तेवढी मी आणायची होती. आठ दिवसांत एवढं एकच काम, आणि तेच मी विसरलो! आठवलं कधी? पालखी खालच्या वाडीत पोचली, ढोल ऐकू आला, तेव्हा.

“अहो, आई पहिल्यांदा आपल्या दारात येतेय. मी काय रिकाम्या हातांनी उभी राहू तिच्यापुढं?” सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. “पालखी कुणासाठी थांबत नाही. मान झाला की चालली पुढच्या घरी.”

“हा गेलो आणि हा आलो!”

गेलो, आणि हिरवीगार साडी घेऊन निघालोसुद्धा. घर दोन किलोमीटरवर राहिलं असेल, तेवढ्यात आतून फाटकन आवाज आला. झालं! इंजिन बोंबलतंय, पण चाकाचा त्याच्याशी काही संबंधच उरला नाही.

ढकलली. दुसरं काय करणार? शिमग्याचं ऊन, अंगात ठेवणीतला शर्ट आणि हातात ते धूड. घाटीच्या पायथ्याशी पोचलो तर खालच्या वाडीतल्या शेवटच्या घरासमोर पालखी नाचत होती. त्यानंतरचं घर आमचं! आणि खांदा बदलून घाम पुसत समोर उभा कोण? प्रकाश मेस्त्री.

“काय झाला वो काका?”

“बंद पडली रे.”

त्यानं बटण दाबून पाहिलं, मूठ पिळली, चाकाकडे बघितलं. “बेल्ट तुटला. तरी सांगितलेलं तुम्हाला! रनिंग किती झाला?”

“वीस व्हायचंय अजून,” मी ताठ मानेनं म्हणालो. “एकोणीस हजार आठशे!”

“गणपतीत किती होता?”

“एकोणीस हजार आठशे.”

“आणि गेल्या शिमग्याला?”

“एकोणीस हजार…” हळूहळू डोक्यात प्रकाश पडायला लागला होता, आणि तो काही बरा वाटत नव्हता.

“काका, मीटरची केबल तुटलीय. काटा तरी हलायचा काय?”

“काटा नव्हता हलत. पण मला कुठे शर्यत लावायची होती? म्हणून मी…”

“म्हणजे वर्षभर झिजलेल्या बेल्टावर घाटी चढताय? गाडी ओढत नसेल ना?”

“नव्हती ओढत,” मागून आवाज आला. “कारण सगळ्यांना ठाऊक आहे.”

सुनंदा! वाट बघून बघून खाली उतरून आली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मी तोंड उघडलं, पण तिनं हात पुढं केला. “साडी द्या आधी.”

साडी घेतली आणि निघाली. काय सांगू, वर्षभर रोज घाटी चढलेली बाई ती! पालखी उठायच्या आत वर पोचली. मी स्कूटर तिथंच टाकून मागून धावलो, तर तीन ठिकाणी बसावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी बसलेलो असताना पालखी मला ओलांडून गेली.

वर पोचलो तेव्हा ओटी भरून झाली होती. आईच्या अंगावर हिरवी साडी, सुनंदाचा चेहरा उजळलेला. वाचलो, म्हटलं. आता फक्त गाऱ्हाणं उरलं होतं. घरातल्यांचं म्हणणं गुरवकाका मोठ्यानं देवीच्या कानावर घालतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी आमची रीत.

“बोला, काय गाऱ्हाणं घालू?” गुरवकाकांनी मला विचारलं. मला धाप लागलेली.

“मी सांगते,” म्हणत सुनंदा त्यांच्या कानाशी लागली. बराच वेळ लागली.

“हे आई मायमाउली! ही तुझी लेक वरीसभर घाटी चालत चढली!”

“व्हय म्हाराजा!”

“रातचा भात सोडलान, आंबा सोडलान!”

“व्हय म्हाराजा!”

“वजन तिचा नव्हता, बेल्ट झिजलेला होता!”

“व्हय म्हाराजा!” यात प्रकाश मेस्त्रीचा आवाज खणखणीत.

“तर बंद मीटर बघून चालणाऱ्या ह्या घरधन्याला अक्कल दे, आणि ती येईपर्यंत त्याला घाटी चालत चढव!”

लहानपणापासूनची सवय हो! गाऱ्हाणं थांबलं की तोंड आपोआप उघडतं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि होता नव्हता तो सगळा दम एकवटून ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

डोळे उघडले. तेवढं एक वाक्य मी एकट्यानंच म्हटलं होतं. बाकीचे पोट धरून हसत होते.

नवा बेल्ट बसला, केबल बसली. स्कूटर आता घाटी कशी झपाट्यानं चढते! सुनंदा चालवते. मी पिशव्या घेऊन मागून चालत येतो. आईपुढं एवढ्या मोठ्यानं कबूल केलंय, आता काय करता!